उतारावर उभा ट्रक

आमोण्यात दुपारी लाइट गेली आणि कमलाक्षीबाईंचं ऑक्सिजनचं मशीन गप्प झालं. शिवदासने आईला अडीनडीचा छोटा सिलिंडर लावला. काटा तळाकडे टेकत आला होता. भरून आणायचं काम तो रोज उद्यावर ढकलत होता. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसऱ्या गावी गेलेली.

दारात खनिजाचा ट्रक असताना इन्व्हर्टर कशाला, असं तो चारचौघांत मिरवायचा. बॅटऱ्या दणकट आहेत म्हणायचा. तरी ट्रक मात्र कायम उतारावरच लावायचा, चाकाखाली दगड देऊन.

आज त्याने ट्रकच्या बॅटऱ्या सोडवून आणल्या आणि त्या चार्ज करायच्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर उपसला. तो दोनशे तीसचे चोवीस व्होल्ट करतो. उलटा जोडला की चोवीसचे दोनशे तीस. पणजीला गेलेली बस आमोण्याला परत येतेच की.

त्याची लेक तनया डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आजीचा हात धरून ती म्हणाली, "बाबा, बॅटरी फुकट उतरेल. आजीला ट्रकनेच हॉस्पिटलात न्यायचंय."

"तू तुझी पोरं शिकव, बाय."

त्याने बॅटरीची तार टेकवली. पलीकडे तपासायला जोडलेला बल्ब लखकन चमकला. शिवदासने जिंकल्यासारखं लेकीकडे पाहिलं, तोवर बल्ब विझला. तार उचलली, पुन्हा चमकला. कनेक्शन लूज असणार, असं म्हणत त्याने पकडीने तार आवळली.

"लूज नाही ते," तनया म्हणाली. "घरातली वीज सारखी उलटसुलट होते, त्या हालचालीवरच पलीकडे वीज उठते. बॅटरीची एका चालीने वाहते. लावताना आणि काढताना बदल होतो, तेवढंच चमकतं. मधे नुसती तार तापते."

वार्निश जळाल्याचा वास आला. तरी तो हटला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, चार्जिंगला लावला की भुंग्यासारखा घुमणारा हा ट्रान्सफॉर्मर आज मुका होता. आत काही हलतच नव्हतं.

त्याने तार उपटली, बोटं पोळली. बॅटऱ्या पुन्हा बसवल्या. दोघांनी कमलाक्षीबाईंना सिलिंडरसकट केबिनमध्ये चढवलं. चावी फिरवली, स्टार्टर एकदा कण्हला आणि बसला. सिलिंडरचा काटा शून्याला टेकत होता.

"दगड काढ," शिवदास म्हणाला.

तनयाने दगड लाथाडला आणि धावत चढली. ट्रक घरंगळला. वळणाच्या अलीकडे त्याने गिअर टाकून क्लच सोडला. ट्रक गचके खात धडधडला आणि इंजिन सुरू झालं.

हॉस्पिटलच्या दारात मास्क लागला. कमलाक्षीबाईंनी मुलाला बोटाने जवळ बोलावलं.

"ट्रक बंद करू नको हां," त्या म्हणाल्या. "इथे उतार नाही."