दाराचं सरपण

भाचे बैलगाडी घेऊन आले तेव्हा चोल्वे चक्कीच्या खोपटाचं दार फोडत बसली होती. बिजागऱ्या सकाळीच काढल्या होत्या. फळ्यांचे काडेपेटीएवढे तुकडे करायचे आणि टोपल्यात टाकायचे. मोठा तुकडा ड्रमात अडकतो, बारीक चुऱ्यानं वाट चोंदते, हे नवऱ्यानं, हाचूंदूनं शिकवलेलं. हाचूंदूला जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि ती अजून रडली नव्हती. रडायला हवं हे तिला ठाऊक होतं, गुरांना पाणी दाखवायला हवं हे ठाऊक असतं तसं.

"मामी, चांगलं दार का फोडतीस?" म्वींगानं विचारलं. थोरल्या नणंदेचा हा मुलगा. मेलेल्याची चीजवस्त त्याच्या बहिणीच्या पोरांकडं जायची, ही इथली रीत.

"सरपण पायजे."

"रानातली लाकडं सरली व्हय?"

"ती वली हायत."

नांगर गाडीत चढला. सायकल चढली. हाचूंदूचा कोट म्वींगानं तिथंच अंगात घातला. बाह्या आखूड झाल्या. चोल्वेची कुऱ्हाड चालूच होती.

मग सगळे इंजिनापाशी आले. चक्कीचं हे इंजीन पेट्रोलवर चालायचं. पेट्रोल गावापर्यंत पोचेना म्हणून हाचूंदूनं दोन ड्रमांचं धूड उभं केलं होतं. पहिल्या ड्रमात लाकूड भरायचं, खालून बेतानंच हवा देऊन धुमसवायचं. तो धूर लालभडक कोळशातून ओढला की त्याचा जळणारा वायू होतो. दुसऱ्या ड्रमातल्या वाळल्या गवतातून तो गाळायचा आणि नळीनं इंजिनात सोडायचा. पण वायू पेटतो का बघायच्या पहिल्याच दिवशी हाचूंदू ड्रमाशेजारी मरून पडलेला सापडला. भाजल्याची खूण नाही, जखम नाही, गाल तांबूस. ड्रममध्ये कुणीतरी करणीचं काहीतरी घातलंय, असं गाव म्हणायला लागलं. नंतर अंगणात आणून ठेवलेल्या त्या ड्रमाजवळून कोंबडीही हाकलत असत.

राहिलेली शेवटची नळी मागच्या आठवड्यात चोल्वेनं स्वतः इंजिनाला जोडली होती. सांध्याला वारुळाची माती आणि राख लिंपली होती.

"इंजीन मामाचं, म्हंजी आमचं," म्वींगा म्हणाला.

"न्या की. नळी तेवढी सोडवा."

म्वींगा वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "तूच सोडव ना मामी."

"म्या जोडलीया. सोडवायची तुमची तुमी."

भाच्यांबरोबर आलेला म्हातारा सियाबासी गाडीवरून हे बघत होता. त्यानं विचारलं, "पोरी, खरं सांग. ह्यानंच मारलं का त्येला?"

चोल्वेची कुऱ्हाड थांबली.

त्या दिवशी वारा होता. नळीच्या तोंडाशी वायू पेटवायचा, आणि वारा काडी टिकू देत नव्हता. हाचूंदू वैतागून ड्रम खोपटात घेऊन गेला. "दार वढून घे," म्हणाला. तिनं ओढून घेतलं आणि मक्याच्या पिठाचा नशिमा शिजवायला गेली. दवाखान्यातल्या बाईंनी नंतर सांगितलं, या वायूतल्या विषाला वास नसतो, बंद जागेत ते नकळत साठतं. दार उघडं असतं तर माणूस वाचला असता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं असतं तर ड्रमावरचा आळ गेला असता, आणि इंजीन गाडीत चढलं असतं.

"शेवटचा हात त्येनं ह्यालाच लावला हुता," ती म्हणाली. हे खरंच होतं.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "म्वींगा, चल. ज्याला त्यो ड्रम जोडलाय त्ये इंजीन आपल्या दारात नगं."

गाडी गेल्यावर शेजारची बेंझू मक्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन कुंपणापाशी येऊन थांबली. दुसरी चक्की चार तासांच्या वाटेवर होती.

"पेटवतीस का? का जाऊ चालत?"

"थांब. पर लांब थांब."

चोल्वेनं तुकडे भरले, निखारे टाकले, भात्याचं हँडल फिरवलं. आधी नळीतून पांढरा दाट धूर आला; त्याला काडी लागेना. ती फिरवत राहिली. धूर विरळ झाला. मग काडी लावली, आणि उन्हात दिसेल न दिसेल अशी निळसर ज्योत धरली. वाऱ्यानं ती दोनदा विझवली. तिनं दोनदा परत लावली. हाचूंदू गेला त्या दिवशीही एवढंच करायचं होतं.

ज्योत टिकल्यावर तिनं वायू इंजिनाकडं वळवला आणि दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजीन खोकलं आणि लागलं.

पीठ पडायला लागलं. बेंझूनं भीत भीत आत येऊन त्यात हात घातला.

"गरम हाय," ती म्हणाली. मग चौकटीकडं बघून, "आता दार कवा बसवतीस? शेळ्या शिरतील की."

"शिरू देत," चोल्वे म्हणाली, आणि दाराची शेवटची फळी पुढ्यात ओढली.