अक्काची जागा

सोल या पाश्चात्त्य गायनशैलीचा गायक म्हणून साकेतचं नाव बंगळुरूपासून मुंबईपर्यंत झालं होतं. त्याच्या प्रत्येक गाण्यात मागून साथ देणारे सूर थोरल्या बहिणीचे, वेदश्रीअक्काचे. दिवाळीनंतर ती तापानं आजारी पडली आणि गेली. साकेतनं सगळं रीतसर केलं, पण रडला नाही. स्टुडिओत उभा राहिला तर तोंडातून शब्द फुटेना. मग त्यानं न गाताच अल्बम केला. नुसता जॅझ: स्वतः पियानोवर, सोबत बास, ड्रम आणि सॅक्सोफोन.

तो आईला ऐकवायला उणकल गावातल्या घरी आला. आई हेमावतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारचे गुरुराजअण्णाही कौतुकानं आले. दोन रचना झाल्यावर त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "हाडु एल्ली?"

"गाणं नाहीच अण्णा. नुसती वाद्यं."

"हां, हां. छान आहे," म्हणत अण्णा चहा संपवून उठले. साकेतला वाईट वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नव्हतं.

तिसऱ्या रचनेत सॅक्सोफोन सुरू झाला आणि आईचे हात थांबले.

"ही वेदा."

"सॅक्सोफोन आहे, आई."

"असू दे की. दम कुठं घेते, मला कळत नाही होय? लहानपणापासून ओळीच्या मधेच घ्यायची. किती ओरडायची मी."

अक्काच्या तालमीचं जुनं रेकॉर्डिंग साकेतनं सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. ती थांबायची तिथंच थांब, असं बजावलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आई पदर तोंडाला लावून रडू लागली. त्यानं पाणी आणून दिलं, जवळ बसला. तिचे खांदे हलताना दिसत होते. आपल्या आतही काही हलतंय का, म्हणून तो वाट बघत राहिला. काही हलेना.

"तुला रडू येत नाही का रे?"

"नाही येत."

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावली नाही. "मग गाणार कधी?"

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "हेच परत लाव. या वेळी मधे बोलणार नाही."

साकेतनं ती रचना पहिल्यापासून लावली आणि मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढून घेतली.