घंटी वाजली की हलवायची

"खाली हत्ती नाचवा, माझा अणू पायरी सोडणार नाही," सरांनी समितीला छातीठोक सांगितलं.

माझी नोकरी त्याच अणूच्या जिवावर होती. त्यानं तासभर ऊर्जेच्या एका पायरीवर दम धरला तर माझा करार वाढणार. भलत्या पायरीवर उडी मारली तर मी घरी. आणि घरात कमावणारी मी एकटीच.

अणूला उडी मारायला निमित्तच लागतं. आमच्याकडे ते भिंतीपलीकडच्या लिफ्टचं होतं. एवढं लोखंड वरखाली झालं की चुंबकक्षेत्र हलून तो बिथरायचा. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला त्याला मायक्रोवेव्हचा एक ठोका मारून आम्ही उलटा करायचो. आधी जेवढा ढळला, तेवढाच मग परत यायचा. ठोक्याबरोबर घंटी वाजायची.

त्या दिवशी लिफ्ट बंद ठेवू म्हटलं, तर अध्यक्षांचा गुडघा आडवा आला. पाचव्या मजल्यावरून त्यांना कधीही खाली जावंसं वाटेल! मग सर लिफ्टमामांना म्हणाले, "मामा, घंटी वाजली की हलवायची. एरवी हात लावायचा नाही."

"सर, पण..."

"अगं, ठोका पडताना अणूचं लक्ष नसतं."

सोळाव्या मिनिटाला अणू उडाला.

मी लिफ्टकडे धावले. मामा घामाघूम. घंटी, वर. घंटी, खाली. आत चिटपाखरू नाही.

"मामा, हे काय?"

"ताई, एक घंटी चुकवली नाही! लघवीलासुद्धा गेलो नाही. तुमच्या नोकरीचा प्रश्न!"

आम्ही अणू उलटा करायचो, त्याच क्षणी मामा लिफ्ट उलटी फिरवायचे. चूक परत फिरायच्या ऐवजी चुकीवर चूक चढत गेली. हत्ती कसाही नाचला असता तरी चाललं असतं. मामा तालात नाचले.

"कुणाचं डोकं हे?" अध्यक्षांनी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मानवी चूक. दोन माणसांची."

अध्यक्षांनी मला काढल्याच्या पत्रावर तिथेच सही केली. मामांना तोंडीच सांगितलं, आत्ताच्या आत्ता निघा. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते.  मामांनी लिफ्टला कुलूप लावलं, सवयीनं किल्ली खिशात टाकली आणि जिन्यानं निघून गेले.

मागोमाग मीही उतरले.

अध्यक्ष पाचव्या मजल्यावरच राहिले.