तळ्यात गेलेला रस्ता

मित्रांनो, सभागृहाच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांमागे धूळ खात पडलेला मी या गावाचा जुना लाकडी नमुना आहे. माझी घरं काडेपेटीएवढी, तळं निळ्या काचेचं. पुढच्या वीस वर्षांत गाव कसं असावं, ते सगळ्यांना दिसावं म्हणून सुताराने मला घडवलं.

माझ्यावर एक काळी कापडी पट्टी होती. तो नवा रस्ता. बाजारातून निघून, ओढ्यावर पूल बांधून तो पलीकडच्या वस्तीला जाणार होता आणि मग तिथे बस येणार होती. पट्टी चिकटवायची नाही, लोकांना काही सुचवायचं असेल तर सुचवू द्यावं, असं ठरलं. तिथेच घोडं अडलं.

जो तो मला बघायला येई, तोंड भरून कौतुक करी आणि कोणी पाहत नाही असं बघून पट्टी आपल्या घरापासून बोटभर दूर सारी. किराणावाल्याने सारली, डॉक्टरांनी सारली, मास्तरांनी तर दोनदा. विकास सगळ्यांना हवा होता, पण शेजाऱ्याच्या अंगणातून. मला आधी हसू येई, पुढे पुढे रागच येऊ लागला. सभा पुढे ढकलल्या जात होत्या. अशी तीन वर्षं गेली.

शेवटी सभा भरली. माझ्यावरची चादर काढली, तर रस्ता तळ्यात. कोणी कोणाकडे बघेना.

पलीकडच्या वस्तीतली शिंपीणबाई पुढे आली. तिच्या आजारी सासऱ्यांना दर आठवड्याला खुर्चीत बसवून, ओढ्याच्या पाण्यातून दवाखान्यात आणावं लागे. ती म्हणाली, "तुमच्या दारातून रस्ता नको, कळलं. पण आमच्या सासऱ्यांना परवा कुठून आणू, तेवढं यावर दाखवा."

गिरणीवाला जरा घुटमळला. मग त्याने माझ्यावरची आपली गिरणी उचलून खिशात टाकली आणि पट्टी तिथून ओढली. "जाऊ द्या इथून. मागच्या गल्लीतही पीठ पांढरंच पडेल." मग एकेकाने आपलं कुंपण मागे घेतलं. मास्तरांनीही घेतलं, कुरकुरत.

पूल झाला. पहिली बस वस्तीतून निघाली, तेव्हा शिंपीणबाईने शेजारच्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही, असं सभागृह झाडणाऱ्या मावशी सांगत होत्या. सासरे चार महिन्यांपूर्वीच गेले होते.

मित्रांनो, माझी धूळ झटकलीत तर बरंच वाटेल. पण उद्या तुमच्या गावाचा नमुना मांडतील, तेव्हा त्यात आपलं घर शोधण्याआधी रस्त्याच्या टोकाला कोण राहतं ते विचारा. आमच्या गावानेही विचारलं, पण तीन वर्षं उशिरा.