फोनवर घातलेली टोपी

मित्रांनो, आधी मला त्या युडिथची तक्रार करू द्या. चाळिशी ओलांडलेली बाई. सिनेमे काढते, बक्षिसं मिळवते. आणि स्वतःच्या आजीच्या स्वयंपाकघरात उभी राहून एका नटीला सांगते, "आजीने वळून बघायचं नाही. नात दारातून हाक मारते, आजी कॉफी ढवळत बसते. तिला घर प्यारं होतं, माणसं नाहीत."

मी तिथेच टेबलावर होते. आत नुसता जाळ झाला माझ्या.

मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावरची नव्हे, कॉफीच्या किटलीवरची. ओटिलीने, म्हणजे युडिथच्या आजीने, मला आपल्या फाटक्या हिरव्या कोटातून बेतलं आणि आत जुन्या उशीचा कापूस ठासून भरला. शाळा मी पाहिली नाही. जे शिकले ते पिर्ना गावातल्या याच टेबलावर. आम्हा सॅक्सनीच्या जर्मनांना जेवण उशिरा चालतं, कॉफी गार चालत नाही. पाहुणे केक खाता खाता मला थोपटायचे, "काय ऊब धरते हो ही!" मी फुगायचे. का फुगू नये?

ओटिलीचा जावई फोल्कर गुरांचा डॉक्टर, म्हणून घरात फोन होता. अख्ख्या इमारतीत तेवढाच. तेव्हा आमचा पूर्व जर्मनी साम्यवाद्यांच्या हातात होता. फोल्करने देश सोडून पश्चिमेला जायची परवानगी मागितली आणि फोनमधून टकटक ऐकू यायला लागली. फोन खाली ठेवलेला असला तरी आतून कुणीतरी ऐकतं, असं सगळेच म्हणत. खरं की खोटं, देव जाणे आणि सरकार जाणे.

तेव्हापासून काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मला किटलीवरून उचलून फोनवर घालत.

"चला, सरकारच्या कानात बोळा बसला," फोल्कर म्हणायचा. "बोला आता!"

"लवकर बोला जावईबापू," ओटिली म्हणायची, "माझी कॉफी निवतेय."

मला हे काम मुळीच आवडलं नाही. किटली कशी ऊब देते. हा फोन म्हणजे गार पडलेला, आणि कधी किंचाळेल याचा नेम नाही. माझा कापूस जो तेव्हा हलला, तो पुन्हा जागेवर बसला नाही.

एकोणनव्वद सालच्या सप्टेंबरात, मला फोनवर घालून, त्यांनी ठरवलं. सीमेपलीकडे, शेजारच्या देशातल्या जंगलात अळंबी गोळा करायला जातो म्हणून टोपल्या घेऊन निघायचं, आणि तिथून थेट त्या देशाच्या राजधानीत, प्रागला, पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत आसरा घ्यायचा. रेगिना, ओटिलीची लेक, रडकुंडीला आली.

"आई, तूही चल ना गं."

"माझे गुडघे जंगलात नेऊ? आणि माझ्या कोबीला पाणी कोण घालेल?"

रेगिना रागावून आत गेली. मग मला फोनवरून काढता काढता ओटिली पुटपुटली, "घर मुकं पडलं तर त्याच दिवशी शोध सुरू होईल. वाजतं ठेवायला कुणीतरी हवं." हे फक्त मी ऐकलं.

निघायच्या सकाळी तिने मला फोनवर घातलंच नाही. अळंबीची गोष्ट ज्याला ऐकायची त्याने खुशाल ऐकावी. सात वर्षांची युडिथ दारातून हाका मारत होती, "आजी! आजी, बघ ना!" ओटिलीने मान वळवली नाही. वळवली असती तर तोंडातून जे निघालं असतं, ते फोननेही ऐकलं असतं. कॉफी ढवळत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पिवळीच आणा, किडकी नकोत! रात्रीला सूप करते."

दार लागलं. तिची कॉफी तशीच राहिली.

संध्याकाळी तिने स्वतःच दार उघडून आपटलं आणि सुरू झाली. "फोल्कर, चिखलाचे बूट बाहेर! रेगिना, एवढीशीच मिळाली? युडिथ, हळू खा, सूप पळून जात नाही." सगळ्यांच्या बश्या मांडल्या, चमचे वाजवले. दुसऱ्या दिवशी तर तिने जावयाशी भांडण काढलं, आणि जिंकली.

सोमवारी शेती संघातून फोन आला. "डॉक्टरना पाठवा, गाय अडलीये."

"त्यांना ताप आहे."

"दोन शब्द बोलू द्या की."

ओटिली तोंडावर मूठ धरून अशी खोकली, अशी जाडजूड खोकली, की पलीकडचा म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, झोपू द्या त्यांना!"

असा सगळा आठवडा. जिन्यात पाऊल वाजलं की मी आक्रसायचे. पोलीस असतील का? तिघं पोचले का, की वाटेतच धरले? कळायला मार्ग नव्हता. ओटिली बसायची, उठायची, रिकाम्या खुर्च्यांना दटावायची, पुन्हा बसायची.

शेवटी पश्चिमेच्या रेडिओने सांगितलं की वकिलातीतल्या लोकांना आगगाड्यांनी पलीकडे नेणार, आणि त्या गाड्या आमच्याच मुलखातून जाणार. पहाटे गाड्या पिर्नावरून गेल्या, न थांबता. त्यांत आपली माणसं आहेत की नाहीत, ओटिलीला ठाऊक नव्हतं. शेवटची धडधड संपेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. मग तिने मला फोनवर घातलं, दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं, आणि त्यानंतर रडली.

पुढे चौकशीवाले आले. त्यांना तिने कोमट कॉफी पाजली.

झाडांची पानं गळून संपायच्या आत पूर्व-पश्चिमेमधली भिंतच पडली. तिघं भेटायला आले, चॉकलेटं घेऊन. रेगिनाने विचारलं, "आई, का नाही आलीस?" ओटिली म्हणाली, "कोबी." एवढंच. जीव तोडून केलेलं काम आता पोरखेळ वाटलं असेल तिला, आणि बाईचा ताठा तर केवढा! मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. ती गेली आणि मी खणात पडले, कसरीच्या तोंडी.

म्हणून त्या दिवशी, सिनेमासाठी खणातून काढून टेबलावर ठेवलेली मी तळमळत होते. दिवे लागले होते. नटी दाराकडे पाठ करून बसली होती. अशी ओटिली एकदा पडद्यावर गेली की कायमची तशीच राहणार होती. इतक्यात खालच्या मजल्यावरची म्हातारी लोबेडान्झबाई जिन्यातल्या वायरींवर तणतणत वर आली.

"ही कोण गप्प बसलीये?"

"ही माझी आजी," युडिथ म्हणाली. "सिनेमातली."

"ही ओटिली? अगं, तुम्ही अळंब्यांना गेलात त्यानंतरच्या आठवड्यात माझं छत खाली यायचं बाकी होतं! तुझ्या बापाशी भांडण, तुला दटावणं, बश्यांचा खणखणाट..."

"पण आम्ही त्या आठवड्यात इथे नव्हतोच."

"ते मला चौकशीवाले आले तेव्हा कळलं. तोवर मी शपथेवर सांगितलं असतं की अख्खं घर वर जेवतंय."

युडिथ खुर्चीत बसली. "कधी बोलला नाहीत?"

"ओटिली म्हणाली, लोबेडान्झ, मला वेडी म्हणतील गं. मी गप्प बसले. आता ती गेली आणि तू तिला मुकी करतेयस. मग मी कशाला गप्प बसू?"

मग युडिथ नटीला म्हणाली, "लिहिलेलं सोडा. तिघांशी बोला. खुर्च्या रिकाम्याच राहू देत."

नटी हुशार निघाली. तिने बशी सरकवली आणि डाफरली, "युडिथ, कोपरं टेबलावरून खाली!"

कॅमेऱ्यामागे बसलेल्या युडिथने झटकन कोपरं खाली घेतली.

नंतर तिने मला उचलून छातीशी धरलं. "आजी, मला माहीतच नव्हतं गं."

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना त्या आहेत तोवर विचारा. एकदा विचारून उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा. टोपीला विचारायची वेळ आणू नका. टोपीचा आवाज माणसाला ऐकू जातो की नाही, मला ठाऊक नाही, पण मी मोठ्यानेच बोलले:

"पोरी, उशीर केलास, पण पोचलीस. आता तिला रडकी, बिचारी करून ठेवलंस तर याद राख. तिने तुम्हाला घरात ठेवलं, म्हणून तुम्ही बाहेर पडलात. सिनेमात तेवढं घाल. बाकीचं तुझं तू बघ."