घोळीच्या पोटातलं मीठ

तेजलला आपल्या खड्यांचा भारी अभिमान होता. बोईसरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिने वाढवलेले जिओलाइटचे खडे सूक्ष्मदर्शकाखाली असे टपोरे, रेखीव दिसत की प्रयोगशाळेचे प्रमुख प्रदीप सर येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीवरचा त्यांचा फोटो दाखवत.

पण नुसतं रूप काय चाटायचंय? जिओलाइटच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. चिमुकले रेणू त्यांतून आत शिरतात, आत त्यांचं हवं ते रसायन बनतं आणि बाहेर पडतं. तेजलचे खडे सकाळी झकास काम करायचे आणि दुपारपर्यंत काजळी धरून मरायचे. सरांनी भट्टी आणखी तापवायला सांगितली, तर ते आणखी लवकर मेले. मग सर म्हणाले, "आता शेवटची एक चाचणी. नाही टिकले तर माल बाहेरून मागवू आणि तुझं काम बंद." दोन वर्षं तिने त्याच कामात जीव ओतला होता.

रविवारी सरावलीच्या भाड्याच्या खोलीत मन लागेना, म्हणून ती केळव्याजवळ माहीमला घरी गेली. अंगणात हंसा वहिनी सुकवायच्या भल्यामोठ्या घोळ माशाला मीठ चोळत होती. ती पालघरच्या बाजारपेठेत वाढलेली, या घरात आणि या कामात नवीन.

"वयनी, येवढ्या मोठ्या घोळीला चिरा नाय दिल्यास?" तेजल तडकली. "वरवर चोळून पोटात मीठ जाईल काय? वरून खारट नि आतून कुजकी. आन ती सुरी."

सुरी हातात आली आणि तिथेच थांबली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिने सुरी वहिनीच्याच हातात दिली.

सोमवारी तिने वापरलेला एक खडा फोडून सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली धरला. कडा काळ्याकुट्ट, पोट पांढरंशुभ्र. रेणू मध्यापर्यंत पोचलेच नव्हते. कडेला जे आत शिरले, ते बाहेर पडायच्या आधीच गर्दीत अडकून काजळी झाले आणि मागच्यांची वाट बंद करून बसले. तिला स्वतःचाच राग आला. घोळीला चिरा द्यायला शिकवणारी बाई खडे मोठे झाले म्हणून मिरवत होती!

मग तिने उलटं केलं. खडे वाढवायच्या मिश्रणात बारीक खड्यांचं बी भरपूर टाकलं, म्हणजे कुणालाच फार वाढता येऊ नये, आणि भांडं लवकर उतरवलं. सरांनी काचेतून पाहिलं नि नाक मुरडलं. "हे काय, पीठ दळलंस?"

"पीठच हवं होतं, सर. आत जायची वाट छोटी, बाहेर यायचीही छोटी."

चाचणी सुरू झाली. खडे मरायची ती दुपार आली, तशी सगळी प्रयोगशाळा यंत्रापाशी गोळा झाली. खडे किती काम करतायत ते दाखवणारी पडद्यावरची रेघ खाली येईना. संध्याकाळ झाली, पाळी बदलली, दुसरा दिवस उजाडला, रेघ तिथेच. सरांनी बाहेरच्या मालाची आधीच सांगून ठेवलेली मागणी तिच्यासमोर फोनवरून रद्द केली आणि टपोऱ्या खड्यांचा फोटो स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवला. तेजलला नाचावंसं वाटलं, आणि ती नाचली, डोक्यावरच्या हेल्मेटसकट.

धाप लागलेली असतानाच तिने माहीमला फोन लावला. "वयनी, पोटापर्यंत पोचलं."

हंसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, घोळीचीच चौकशी चाललीय.

"पोचनारच," ती ऐटीत म्हणाली. "चिरा मी दिल्या हायेत."