गंडा, किवी, केळी, कत्तल

ज्या माणसानं एकतीस वर्षं देशाच्या रडारसाठी गोंगाटातून नेमका संदेश वेचून काढला, त्याच्यापासून त्याच्याच घरात काही लपून राहणं अशक्य असतं. निदान रत्नाकरराव देवस्थळींचं तसं मत होतं. हे मत ते पत्नी अलकाताईंना सविस्तर ऐकवत होते तेव्हा दारावरची घंटा तिसऱ्यांदा वाजत होती. त्या दार उघडायला गेल्या. रत्नाकररावांनी मनाशी नोंद केली की विषय अंगाशी येताच बाई उठल्या.

त्यांचा संशय असा होता की गेल्या दोन वर्षांत जगानं आपला आवाज खाली घेतला आहे. एकाच वेळी, ठरवून. बातम्या देणारे ओठांतल्या ओठांत बोलू लागले होते. राजाजीनगरातला दूधवाला नुसतंच तोंड हलवी. रिक्षावाले पुटपुटत, आणि बेंगळुरूचा रिक्षावाला पुटपुटतो म्हणजे काहीतरी मोठंच शिजत असणार. मुलगी वल्लरी व्हाइटफील्डहून फोन करी, तीही अर्धं वाक्य गिळून टाकी. तिकडच्या कंपन्यांतून असं शिकवत असावेत.

आणि सिनेमे. पूर्वी सिनेमात माणूस मरतानाही खणखणीत बोलायचा. आता नायक नायिकेच्या मफलरात तोंड खुपसून काय ते सांगतो, आणि ते काय होतं याचा अंदाज बांधत प्रेक्षकानं दोन तास काढायचे.

"काय म्हणाला तो?" रत्नाकरराव विचारत.

"म्हणाला, मी निघतो," अलकाताई सांगत.

"एवढंच? ओठ तर बराच वेळ हलत होते. तू काहीतरी गाळतेस."

दोष कुठे आहे हे त्यांनी शास्त्रीय पद्धतीनं शोधलं. दोष हॉलचा होता. उघड्या भिंती, वर पंखा, शेजारी कुकर. वल्लरीची खोली तीन वर्षं रिकामी होती. तिचं होम थिएटर करायचं, म्हणजे प्रत्येक शब्द निवांतपणे कानापर्यंत पोचेल. दोन महिने त्यांनी आलेखाच्या कागदावर आकृत्या काढल्या. खुर्ची पडद्यापासून किती, पडद्याची खालची कड जमिनीपासून किती, खिडकीतून उजेडाची एक रेघसुद्धा का चालणार नाही. अलकाताई कागद बघून काहीतरी बोलल्या आणि स्वतःच्या कानाला हात लावला. नवीन कुड्या हव्या असतील, असं समजून रत्नाकररावांनी तो विषय दिवाळीवर ढकलला.

काम ज्योतिबाला दिलं. ज्योतिबा निपाणीकडचा, पंचविशीत बेंगळुरूला आलेला आणि आता चाळिशीला टेकलेला. तो मराठी बोलतो याचा रत्नाकररावांना आधी आनंद झाला आणि मग, इतकं सोयीचं का घडतंय, अशी शंका आली. त्यांना स्वतःला कन्नड येत नव्हतं. प्रयोगशाळेची बस, प्रयोगशाळेचं कँटीन आणि इंग्रजी यांवर एकतीस वर्षं निघाली होती. स्वल्प, सरी, बेकु आणि बेडा, म्हणजे थोडं, बरं, हवं आणि नको, एवढे चार शब्द यायचे. त्यांच्या मते संसाराला ते पुरतात. अलकाताई मात्र भाजीवालीशी भांडता भांडता भाषा शिकल्या, आणि आता भाजीवालीच शब्द अडला की त्यांना विचारी.

दहा दिवसांत ज्योतिबानं खोलीच्या भिंती गडद राखाडी केल्या, आवाज शोषून घेणाऱ्या जाड कापडी फळ्या ठोकल्या, छताला प्रोजेक्टर टांगला, दाराच्या कडांना रबर लावलं. खिडकीच्या काळ्या पडद्याचं माप देऊन ठेवलं.

"सर, ही पाच स्पीकर," तो म्हणाला. "दोन म्होरं, दोन मागं, आन् ह्यो मधला. बोलणं सगळं ह्या मधल्यातनं येतंय."

"सगळं?"

"सगळं की ओ. बाकीच्यातनं पाऊस, गाड्या, मारामारी."

संध्याकाळी त्यांनी पहिला सिनेमा लावला. पाऊस उत्तम आला. गाड्या तर छातीवरून गेल्या. माणसं मात्र पूर्वीसारखीच आपसांत बोलत राहिली. रत्नाकररावांनी मधल्या स्पीकरसमोर गुडघे टेकून त्याला निरखलं. पेटी चांगल्या कंपनीची होती. आत काय होतं ते कोण सांगणार?

दोन दिवसांनी फोन करताच ज्योतिबा आला. त्यानं खुर्चीच्या जागी आवाज मोजायचं मीटर धरलं.

"बघा की. बरोब्बर हाय. मशीन खोटं बोलत न्हाई ओ."

"मशीन काय काय करतं ते मला नको सांगूस. मी जन्मभर मशीनंच केली."

"व्हय. पर आवाज येतोय. अक्का, येतोय न्हवं?"

"येतोय की," अलकाताई दारातून म्हणाल्या. "शेजारी गुरुप्रसादांनाही येतोय. काल म्हणत होते, तुमच्याकडचा खून कुणी केला ते आम्हाला तुमच्याआधी कळलं."

दोघांची साक्ष शब्दशः जुळत होती. पढवलेल्या साक्षीदारांची जुळते तशी.

दुसऱ्या फेरीत ज्योतिबानं तारा बदलल्या. तिसऱ्या फेरीत मधल्या स्पीकरचा आवाज जाईल तेवढा वर नेला. मग तो हातातला रिमोट खाली ठेवून रत्नाकररावांकडे बघत राहिला आणि काहीतरी बोलला.

"काय?"

तो पुन्हा बोलला.

"काय?"

"काय न्हाई सर. च्या घेतो म्हटलं," ज्योतिबा मोठ्यानं म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला.

चहा त्याला कुणी विचारला नव्हता.

रत्नाकरराव थोड्या वेळानं बोळकंडीत आले, आणि तिथे त्यांना ती गोष्ट आढळली. स्वयंपाकघरात अलकाताई आणि ज्योतिबा कन्नडमध्ये बोलत होते. कालपर्यंत हीच दोन माणसं मराठीत बोलत होती. रडारच्या कामात याला वारंवारता बदलणं म्हणतात. शत्रूला कळू नये म्हणून बदलतात. या घरात कन्नड न येणारा माणूस एकच होता.

ते भिंतीला लागून उभे राहिले. उजवा कान दाराकडे केला, कारण डाव्या बाजूला फ्रीज घुरघुरत होता. निदान त्यांनी स्वतःला तसं कारण दिलं. आतून तुकडे आले. अलकाताईंच्या आवाजात "गंडं..." आणि मग "किवी केळ... सल्ला". ज्योतिबाचं "अय्यो". थोडी भांडी. मग ज्योतिबाच म्हणाला, "पूर्ती कत्तल... बेकु". अलकाताई हसल्या आणि "सरी" म्हणाल्या.

रत्नाकररावांनी खोलीत जाऊन वही काढली, तारीख आणि वेळ टाकली आणि प्रयोगशाळेत लिहीत तसं नीट लिहिलं: गंडा. किवी. केळी. सल्ला. कत्तल (पूर्ण).

गंड्याबद्दल प्रश्न नव्हता. तो मधल्या स्पीकरमधून घातला गेला होता. किवी आणि केळी यांतलं काहीही त्या आठवड्यात घरात आलेलं नव्हतं, म्हणजे ते सांकेतिक शब्द. सल्ला, म्हणजे तिसरा माणूस सामील. कत्तलीपाशी त्यांचं पेन थांबलं. बेकु म्हणजे हवं, हे त्यांना येत होतं. कत्तल हवी होती, तीही पूर्ण, आणि अलकानं तिला बरं म्हटलं होतं.

त्यांनी नव्या खोलीकडे पाहिलं. बंद खिडकी, आवाज गिळणाऱ्या भिंती, दाराला रबर. आकृती त्यांनीच काढून दिली होती, आणि कत्तलीच्या आड येईल अशी एकही गोष्ट तिच्यात नव्हती.

अर्थात कत्तलीवर त्यांचा विश्वास बसला नाही. ते शास्त्रज्ञ होते. पण पस्तीस वर्षं संसार केलेली बायको आपल्याला कळू नये म्हणून भाषा बदलते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या मानानं कत्तल परवडली असती.

सकाळी ते वही घेऊन कुंपणाच्या भिंतीपाशी गेले. पलीकडे गुरुप्रसाद नळीनं झाडांना पाणी घालत होते. हेही त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. दोघांचं आपसांत इंग्रजी चाले.

"एक कन्नड शब्दकोडं आहे," रत्नाकरराव म्हणाले. "गंडा म्हणजे काय?"

"गंड," गुरुप्रसाद भिंतीजवळ येत म्हणाले. "गंड म्हणजे नवरा."

"फसवणूक नाही?"

"ते बायकोला विचार. पुढे?"

"किवी."

"कान."

"फळ नव्हे?"

"फळही असतं. त्यानंतर काय आहे?"

"केळी. मग सल्ला."

गुरुप्रसादांनी नळ बंद केला. "तो एक शब्द आहे, रत्नाकर. केळसल्ला. ऐकू येत नाही."

रत्नाकररावांनी वहीत बघितलं. नवरा, कान, ऐकू येत नाही. गोंगाटातून संदेश वेगळा काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हा तर तीनच शब्दांचा होता.

"शेवटचा एक राहिला. पूर्ण कत्तल."

"कत्तले. अंधार. पूर्ण अंधार हवा."

ही त्यांचीच अट होती. आलेखाच्या कागदावर लाल शाईनं लिहिलेली, खाली दोन रेघा मारून.

"दोन वर्षं मी या भिंतीवरून तुला गुड मॉर्निंग म्हणतोय," गुरुप्रसाद म्हणाले, "आणि तू घड्याळ बघून 'साडेसात' म्हणतोस."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"बोललो. तीनदा."

घरात येऊन रत्नाकरराव थेट नव्या खोलीत गेले, दार लावलं आणि खुर्चीत बसले. काळा पडदा काल संध्याकाळीच लागला होता. अंधार आकृतीत होता तसाच, पूर्ण होता. शांतताही पूर्ण होती. त्यातली भिंतींची किती आणि आपली स्वतःची किती, हे त्यांना ठरवता येईना. प्रयोगशाळेत कुठल्याही यंत्राला दोष देण्याआधी आपण अँटेना तपासायला लावायचो, हेही त्यांना तिथेच आठवलं.

अलकाताई जेवणाच्या टेबलाशी अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसल्या होत्या. ते समोरची खुर्ची ओढून बसले.

"कन्नडमध्ये का बोललात?"

अलकाताईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "मराठीत बोलून झालं होतं, अहो. वल्लरी फोनवर बोलली, मी जेवताना बोलले. एकदा तुम्हाला ऐकू आलं नाही, एकदा तुम्ही रागावलात."

"आणि ज्योतिबा?"

"तो म्हणाला, अक्का, मशीन ठीक हाय, सरांचं कान दाखवा. तुमच्या तोंडावर म्हणायला निघाला होता, धीर नाही झाला. त्याच्या वडलांचं असंच झालं होतं म्हणे. ते दोन वर्षं सगळ्या गावावर रुसून होते."

"मग हसलीस कशाला?"

"तो म्हणाला, कान कुठलं दाखवत्यात सर, त्यांना आधी पूर्ण अंधार हवाय. मी म्हटलं, सरी, पडदा लागला की बघूया."

रत्नाकररावांनी एक शेंग उचलली आणि सोलायचा प्रयत्न केला. "मी बहिरा होतोय का गं?"

त्या काहीतरी म्हणाल्या. त्यांनी ओठांकडे बघितलं.

"काय?"

"म्हटलं, उद्या डॉक्टरांकडे जाऊ," अलकाताई मोठ्यानं म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टर पवित्रा तिशीच्या होत्या. रत्नाकरराव वही घेऊन गेले होते. तिच्यात त्यांनी श्रवणयंत्रांविषयी सतरा प्रश्न लिहून नेले होते, आणि मशीन डाव्या कानात बसलं तर मधला स्पीकर किती सरकवावा लागेल याची आकृतीही. खुर्चीत बसताना त्यांनी अलकाताईंचा हात धरला, आणि असं आपण का केलं हे न कळून सोडून दिला. डॉक्टरांनी आधी डाव्या, मग उजव्या कानात दिवा घालून पाहिलं, वही बाजूला ठेवायला सांगितली आणि मान वर न करता त्या अलकाताईंशी कन्नडमध्ये बोलल्या. या खेपेला रत्नाकररावांना त्यातला किवी हा शब्द कळला.

"काय म्हणाल्या?"

"मळ आहे म्हणाल्या."

"एवढंच? ओठ तर बराच वेळ हलत होते."

डावा कान पूर्ण भरला होता, उजवा अर्धा. साफ करायला सात मिनिटं लागली.